वाचक विचारतात : चर्चच्या भिंतीत देवळाचे दगड कसे काय?

प्रश्न : ग्रुप टूरने ग्रीसला गेलो होतो. अथेन्सच्या मोठ्या कॅथेड्रलला खेटून एक पिटुकलं चर्च आहे, त्याच्या भिंतींवर प्राणी, माणसं, राशींची चिन्हं असं काय काय कोरलंय. गाईड म्हणाला जुने दगड वापरलेत. म्हणजे देवळं पाडून चर्च बांधलं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही बघितलंत ते ‘लिटल मेट्रोपोलिस’. पाडापाडीचा अंदाज सगळ्यांनाच पहिल्यांदा येतो, पण इथे तो लागू पडत नाही. भिंतीत साधारण ९० कोरीव दगड आहेत, आणि ते सगळे देवळांचे नाहीतच, काही जुन्या थडग्यांवरचे तर बरेचसे त्याआधीच्या पडक्या चर्चचे आहेत, म्हणजे ख्रिश्चनांनी स्वतःचाही माल सोडला नाही! बरं, हे चर्च आधी १२व्या शतकातलं मानायचे, पण १४३६ मधे अँकोनाचा सिरियाकस नावाचा हौशी प्रवासी अथेन्सला आला होता, त्याने तेव्हा दुसरीकडे पाहून उतरवून घेतलेला एक शिलालेख आज याच चर्चमधे सापडतो, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की बांधकाम त्यानंतरचं असणार. तोवर जुनी देवळं बंद पडून हजारेक वर्षं झाली होती.

मग नुसता फुकटचा दगड म्हणून वापरला का? मला नाही वाटत. मुख्य दाराच्या वरची पट्टी आठवतेय का, ते अख्खं ग्रीक पंचांग आहे, महिने, राशी, सण सगळं ओळीने. त्यात अथेना देवीच्या उत्सवातलं चाकांवरचं जहाज होतं, आपल्या रथयात्रेसारखी त्याची मिरवणूक निघायची आणि देवीचं नवं वस्त्र शीड म्हणून लावायचे. त्या जहाजावर क्रॉस कोरलाय. बाकीची बहुतेक चित्रं मात्र तशीच ठेवलीत. ज्याला नुसता दगड हवा असतो तो असली पट्टी दर्शनी दारावर कशाला लावेल, आणि ज्याला जुनं पुसायचंच असतं तो ती छिन्नीने सपाट करून टाकेल ना?

याच्या उलट प्रकार बघायचा तर इंग्लंडमधे डरहॅमजवळ एस्कोम्बचं चर्च आहे, सातव्या शतकातलं. त्याला जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्याचे दगड वापरलेत. त्यातल्या एकावर सहाव्या रोमन पलटणीचं नाव आहे, आणि गवंड्याने तो चक्क उलटा बसवलाय! तिथे अर्थबिर्थ काही शोधू नका, तयार घडवलेला दगड मिळाला, लावून टाकला.

तेव्हा असं काही दिसलं की आधी बघायचं, दगड कुठे लावलाय, सुलटा आहे का, नवीन काही कोरलंय का. परत अथेन्सला गेलात तर जवळच एर्मू रस्त्यावरचं कपनिकारेआ चर्च पण तुलनेसाठी बघा, तिथल्या भिंतीत दगडांच्या मधे विटा आहेत. लिटल मेट्रोपोलिसच्या भिंतींना वीट औषधालाही नाही, वर घुमटापर्यंत नुसता संगमरवर.