चोपडेकर की चोपडाकर?

प्रश्न : मंडळाच्या पत्रिकेवर 'समस्त चोपडाकर' छापायचे की 'चोपडेकर'? काही जण 'चोपड्याकर' म्हणतात. – एक वाचक, चोपडा

उत्तर : 'समस्त चोपडेकर' छापा. गावाच्या नावाशेवटी 'आ' असला की 'कर' लागताना त्याचा बहुधा 'ए' होतो : पाचोरेकर, पारोळेकर, शहादेकर. बहुधा म्हणायचे, कारण साताऱ्याचा 'आ' गळतो आणि सातारकर होतात. धुळे, साक्री, यावल यांत काहीच बदलत नाही.

'चोपड्याकर' का नको? 'चोपड्या' हे सामान्यरूप. ते विभक्तीच्या किंवा शब्दयोगी अव्ययाच्या आधी येते : चोपड्याला, चोपड्याहून, चोपड्याजवळ. 'कर' यांतला नाही, तो नवे नाम घडवतो. विभक्ती लागते ती त्या नव्या नामाला : चोपडेकरांनी, चोपडेकरांना. फलकावर जागा कमी पडली तर अक्षर लहान करा, पण शब्द तोडू नका. 'कर' खालच्या ओळीत एकटा पडला की घरपट्टीचा वाटतो.

प्रश्न : शिरपूरकर की शिरपुरकर? – एक शिक्षिका, शिरपूर

उत्तर : शिरपूरकर, 'पू' दीर्घ. शिरपूरला, शिरपूरचा यांतही दीर्घच. 'र'ला स्वर जोडला की 'पू' ऱ्हस्व होतो : शिरपुरात, शिरपुरी. फैजपूरचेही असेच. माणसाला 'कर' आणि वस्तूला 'ई' हेही सांभाळा. माणूस कोल्हापूरकर, चप्पल कोल्हापुरी. बाईला धुळेकर म्हटले तरी पुरते. बोलण्यात धुळेकरीण येते, तिचे पुढे धुळेकरणीला होते.

प्रश्न : नंदुरबारकर म्हणजे शहरातले की जिल्ह्यातले? – एक वाचक, शहादा

उत्तर : शहरातले. धुळ्यातून वेगळा होऊन 1998 साली जिल्हा झाला, तरी शहाद्याचा माणूस स्वतःला शहादेकरच म्हणवतो. सगळ्यांना बोलावायचे तर 'नंदुरबार जिल्हावासी' लिहा. 'वासी'चा अर्थच राहणारा, त्यामुळे 'वासीय' करू नका. अख्ख्या प्रांताला 'खान्देशी'. खान्देशकर सहसा कोणी म्हणत नाही.

प्रश्न : घरी आम्ही 'अमयनेरना' म्हणतो. छापले तर चालेल? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : मजकूर अहिराणीत असेल तर अवश्य छापा. 'ळ'चा 'य' झाला आहे आणि 'ना' हा षष्ठीचा प्रत्यय आहे, तो पुढच्या नामाप्रमाणे बदलतो : अमयनेरना आंडोर (मुलगा), अमयनेरनी आंडेर (मुलगी). प्रमाण मराठीच्या वाक्यात मात्र अमळनेरकर लिहा.