पान्हा चोरणारी म्हैस आणि दुकानातली सुई

प्रश्न : म्हैस दुसऱ्यांदा व्याली, आठव्या दिवशी पारडू मेलं. तेव्हापासून पान्हा सोडत नाही, लाथा झाडते. दुकानदार म्हणतो, धारेआधी ऑक्सिटोसिन टोचा. टोचू का? धार काढायचं मशीन घेतलं तर फरक पडेल का?

उत्तर : टोचू नका. आज घाई आहे म्हणून एकदाच, असंही नको.

म्हैस मुद्दाम दूध अडवत नाही. तिच्या कासेत सडाच्या वरच्या पोकळीत जेमतेम ५ टक्के दूध उतरलेलं असतं (गायीत २० टक्क्यांच्या आसपास). बाकीचं वर, बारीक पिशव्यांत. ओळखीचा स्पर्श झाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं, पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. म्हैस भेदरलेली असली की हे सगळं अडतं. पारडाचं ढुसणं हीच तिची खूण होती, ती गेली. आता तुम्हाला दुसरी खूण लावायची आहे.

सुई टोचली तर ती सुईच खूण होते! दुकानदार हे सांगत नाही. हळूहळू जनावर सुईशिवाय दूध देईनासं होतं, मालक मात्रा वाढवतो, टोचल्या जागी गाठी येतात. असे गोठे मी कितीतरी पाहिलेत. हे औषध विण्याच्या वेळच्या अडचणींसाठी, तेही डॉक्टरांच्या हातून. धारेसाठी नाही. वर कॅल्शियमची बाटली गळ्यात मारतील, तीही घेऊ नका. पान्ह्याशी तिचा संबंध नाही.

एकाच माणसाने, एकाच वेळी, त्याच जागी धार काढायची. आधी आंबोण (भिजवलेला खुराक) पुढ्यात. मागून जाऊ नका, बाजूने बोलत जा. कोमट पाण्याने कास धुवा, पुसा, तळहाताने चोळा. मग थांबा. बहुतेकांचं इथेच चुकतं. गायीला मिनिटभर पुरतं, म्हशीला दोन मिनिटं तरी लागतात, कधी जास्तही. एका गोठ्यात मालक धार येत नाही म्हणून उठायला निघाला होता, मी त्याला बसवून ठेवलं. म्हैस रवंथ करू लागली आणि सुरकुतलेले सड डोळ्यांदेखत भरून ताठ झाले. तेव्हा धार धरायची. पूर्ण मुठीने, अंगठा वाकवून नव्हे, आणि सहा-सात मिनिटांत संपवायची. रक्तातला जोर तेवढाच टिकतो. मारलं, ओरडलात, तर ती वेळ गेली समजा. दोन दिवसांत जमलं नाही म्हणून दुकानाकडे वळू नका.

मशीनचं : अनुदानाची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करा, पण पान्हा मशीनलाही लागतोच.

पुढच्या वेतापासून पारडू जन्मताच वेगळं करा आणि पहिल्या तासाभरात चीक बाटलीने पाजा. माझा आग्रहच आहे. पारडू दगावलं तरी दूध अडत नाही.

कास गरम, सुजलेली असेल किंवा दुधात गाठी असतील तर हा पान्ह्याचा प्रश्न नाही, दगडी (कासेची सूज, म्हणजे कासदाह) आहे. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.