कन्व्हेन्शनला पाहुणे बोलवायचेत म्हणालास, तर ऐक

भावा,

तू कोल्हापुरात करतोयस त्या गेमिंग कन्व्हेन्शनची पाहुण्यांची लिस्ट बघितली. ट्रॉय बेकर, रॉजर क्लार्क, नील न्यूबन, ख्रिस्तोफर जज, आणि सगळ्यात खाली 'नाहीच जमलं तर पुण्यातला कोणीतरी गेम डेव्हलपर'. वरची चारही नावं परदेशातल्या गेमना आवाज देणाऱ्या नटांची, त्यांच्यावर मी फार बोलणार नाही, स्वप्नं बघायला जीएसटी लागत नाही, पण त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायला पाहिजे म्हणून एवढं लांबलचक टाइप करतोय, व्हॉइस नोट पाठवली असती तर तू ती डबल स्पीडनं ऐकली असतीस.

आधी त्या चौघांचा विषय संपवू. 'गॉड ऑफ वॉर'मधल्या क्रेटॉसला किंवा 'रेड डेड रिडेम्प्शन २'मधल्या आर्थर मॉर्गनला ज्यानं आवाज दिलाय तो माणूस अमेरिकेतल्या एखाद्या कन्व्हेन्शनला जातो तेव्हा 'मानधन किती' एवढ्यावर भागत नाही. मध्ये एजंट असतो आणि एजंट गॅरंटी मागतो. म्हणजे कसं, पाहुणा तिथं टेबल टाकून सह्या करणार, फॅनबरोबर फोटो काढणार, त्याचे पैसे फॅनच देणार, आणि ती जमा ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचली नाही तर कमी पडलेली रक्कम आयोजकानं भरायची. वर विमान, हॉटेल, रोजचा खर्च, दिवसभर सोबत एक माणूस. तिकडं सहीसाठी पैसे मोजून लोक लाइनीत उभे राहतात. आपल्याकडं शंभर रुपये तिकीट म्हटलं की 'पास मिळंल का रं' म्हणून फोन सुरू होतात, मग ती गॅरंटी कोण भरणार, तुझे बाबा? शिवाय टुरिस्ट व्हिसावर येऊन पैसे घेऊन कार्यक्रम करता येत नाही, आणि परदेशी माणसाला पैसे पाठवायचे म्हणजे टॅक्सचे नियम वेगळे, त्यात तू पडूच नकोस. कॉमिक कॉन इंडिया २०११ पासून चालू आहे, २०२४ मध्ये नॉडविन गेमिंगनं विकत घेतलं, त्यांच्यामागं तेवढी यंत्रणा आहे, तुझ्यामागं आठ मित्र आणि एक टेम्पो आहे.

तरी हौस असलीच तर एखाद्याला व्हिडिओ कॉलवर घे, पण सकाळी. हिवाळ्यात लॉस एंजेलिस आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं, आपले सकाळचे १० म्हणजे तिकडं आदल्या रात्रीचे साडेआठ, माणूस जेवून निवांत बसलेला असतो. तू संध्याकाळी ७ चा स्लॉट ठेवलास तर त्याचे पहाटेचे साडेपाच, आणि त्या वेळी कोणी क्रेटॉससारखं बोलत नाही.

आता पुणं. तुझ्या घरापासून अडीचशे किलोमीटरच्या आत. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' तू खेळलायस, मला माहिताय, महिनाभर स्टेटसला तेच होतं. तो गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या टीमचा. २०१७ मध्ये किकस्टार्टर या साइटवर लोकांकडून पैसे उभे करायला गेले तर टार्गेट गाठलं नाही, तरी मागं लागून केलाच आणि २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणि मग बाकी ठिकाणी आणला. त्यात गोष्ट सांगतात कोण तर दुर्गा आणि विष्णू. 'इंडस' हा गेम करणारी सुपरगेमिंग कंपनी पण पुण्याचीच. युबिसॉफ्ट या मोठ्या परदेशी गेम कंपनीचा स्टुडिओ तिथं २००८ पासून आहे. आणि यांना तू 'नाहीच जमलं तर'च्या खात्यात टाकतोस? अरे ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवून सिनेमे काढले, जिथं १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, त्या गावातल्या पोरानं तरी हाताशी असलेल्या कारागिराला शेवटच्या ओळीत टाकू नये. (झालं, आता कोल्हापूरचं कौतुक बंद करतो, नाहीतर थांबणार नाही मी.)

माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्याला स्टेजवरची खुर्ची देऊ नकोस, काम दे. आपल्याकडं पाहुणा म्हणजे शाल, श्रीफळ, सत्कार, चार लोकांची भाषणं आणि मग 'वेळेअभावी आपण पाहुण्यांना पाचच मिनिटं'. गेम करणारा माणूस असल्या ठिकाणी परत येत नाही. त्याला काय पाहिजे असतं सांगू? अनोळखी माणसं त्याचा गेम खेळताना बघायला मिळणं. मी एका छोट्या मेळाव्यात बघितलेलं आहे. नववीतला एक पोरगा कंट्रोलर घेऊन बसला आणि एका दारापाशी अडकला, दार उघडत होतं पण अंधारामुळं ते त्याला भिंतच वाटत होतं, तो सगळीकडं उड्या मारून बघतोय, तलवार आपटतोय, आणि ज्यानं तो गेम केला तो गडी बरोबर त्याच्या मागं उभा. एक शब्द बोलला नाही. खिशातनं डायरी काढली, काहीतरी लिहिलं, परत हाताची घडी. पुढची पोरं पण तिथंच अडकली. जाताना आयोजकांचा हात हातात घेऊन म्हणाला की हे मला ऑफिसात बसून कळलं नसतं. त्या दिवशी त्याला दिलेली शाल तो खुर्चीवरच विसरून गेला.

तर डेव्हलपरला टेबल दे, दोन स्क्रीन दे, यूपीएस दे (हे आठवणीनं, लाइट गेली आणि सेव्ह उडाला तर पोरं तुला खातील), आणि खेळणाऱ्याला शेजारून 'अरे डावीकडं जा' सांगणाऱ्या मित्रांना लांब ठेव. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम यायचा असेल तर टेबलावर क्यूआर कोड लाव, लोकांनी विशलिस्टला टाकला तर त्या माणसाचा खरोखर फायदा होतो, रिलीजच्या दिवशी स्टीम त्या सगळ्यांना मेल पाठवतं. आर्टिस्ट येणार असेल तर कलानिकेतन, दळवीज या आपल्या आर्ट कॉलेजांतल्या पोरांना त्यांच्या स्केचबुका घेऊन बोलव आणि एकेकाला दहा मिनिटं मिळू देत. त्या दहा मिनिटांत पोराला जे कळतं ते तासाभराच्या भाषणात कळत नाही.

आता निमंत्रण. तू जो मेल मला दाखवलास त्यात 'आपल्या बहुमोल उपस्थितीनं कार्यक्रमाची शोभा वाढवावी' असं आहे. हे काढ. त्या माणसाला तो मेल वाचून तारीख कळत नाही, पैसे कळत नाहीत, करायचं काय तेही कळत नाही. असं लिही बघ:

'नमस्कार, आम्ही कोल्हापुरातले विद्यार्थी आहोत, अमुक तारखेला दसरा चौकात शाहू स्मारक भवनमध्ये एक दिवसाचं गेमिंग संमेलन करतोय. तुमचा अमुक गेम आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पूर्ण खेळलाय. तुम्ही पाऊण तास त्यातल्या एकाच लेव्हलबद्दल बोलावं, ती पहिल्यांदा कशी होती आणि शेवटी कशी झाली, आणि नंतर दोन तास टेबलावर लोकांना गेम खेळू द्यावा अशी विनंती आहे. मानधन एवढं, प्रवास आणि राहायची सोय आमची, अपेक्षित लोक एवढे. ज्या गोष्टींबद्दल बोलता येणार नाही त्या आधी सांगा, आम्ही त्यावर प्रश्न घेणार नाही.'

शेवटचं वाक्य लै महत्त्वाचं आहे. या धंद्यात सगळे एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही करून बसलेले असतात, पुढचा गेम कुठला हे बायकोलासुद्धा सांगत नाहीत, आणि आपल्या हॉलमध्ये पहिला हात वर होतो तो नेमका 'सर पुढचा गेम कधी'. मोठ्या कंपनीतला माणूस असेल तर त्याला एकट्याला हो म्हणता येत नाही, कंपनीची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून चार-पाच महिने आधी विचार. गेम रिलीज व्हायला आलेला असेल तर विचारूच नकोस, त्या दिवसांत ती माणसं ऑफिसातच झोपतात. आणि आकडा खरा लिही. दोनशे लोक येणार असतील तर दोनशेच, दोन हजार नको. दोनशे खरे लोक बघून डेव्हलपर खूश होतो, दोन हजाराच्या हॉलमध्ये दोनशे बसले की सगळ्यांचंच तोंड पडतं.

आवाजवाल्यांचं जरा वेगळं आहे, आणि इथं मी थांबून सांगणार. नावं शोधायची कुठं? गेम संपल्यावर क्रेडिट्स पळतात ते स्किप करू नकोस, नाहीतर मोबीगेम्स या साइटवर बघ, तिथं बऱ्याच गेमची सगळी क्रेडिट्स असतात. आपल्याकडं गेमला आवाज देणारे बहुतेक डबिंगचं कामही करतात, आणि ते जग मुंबईत आहे. शरद केळकरांनी हिंदी बाहुबलीला आवाज दिला, श्रेयस तळपदेंनी हिंदी पुष्पाला, हिंदी डोरेमॉनला सोनल कौशल यांनी. ही मोठी नावं, तुझ्या बजेटात बसतील असं नाही, पण त्यांच्या शेजारच्या माइकवर उभं राहून काम करणारे खूप जण आहेत ज्यांना आजवर कोणी स्टेजवर बोलावलेलं नाही. गेमचं रेकॉर्डिंग तर अजून विचित्र, कितीदा प्रोजेक्टचं नाव खोटं असतं, समोर चित्र नसतं, एकट्यानं काचेच्या खोलीत उभं राहून 'मेलो, पडलो, आग लागली, ग्रेनेड' असं शंभर प्रकारे ओरडायचं. हे ऐकायला मिळालं तर कोल्हापूरकर खुर्ची सोडणार नाहीत.

पण त्याला स्टेजवर ओरडायला लावू नकोस. एक कार्यक्रम बघितलाय मी जिथं निवेदक दर पाच मिनिटांनी 'एकदा होऊन जाऊ दे' करत होता आणि कलाकार बिचारा हसत हसत तोच डायलॉग परत परत मारत होता, शेवटी आवाज फाटला, आणि पोरांना तोही अभिनयच वाटला, टाळ्या वाजवल्या. अरे गळा हे त्याचं हत्यार आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये गेममधल्या आवाज कलाकारांनी संप केला, जवळजवळ वर्षभर चालला, त्यात एक मागणी हीच होती की गळ्यावर ताण येणारी सेशन्स छोटी ठेवा. म्हणून फेमस डायलॉग एकदाच, शेवटी, आणि तोही त्यानं हो म्हटलं तर. त्याऐवजी लाइव्ह डबिंग ठेव: गेममधला एखादा सीन आवाज बंद करून लावायचा (क्लिपची परवानगी गेम करणाऱ्यांकडून घ्यायची), आधी त्यानं करून दाखवायचं, मग आपली एकांकिकावाली पोरं. ही पोरं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेली असतात, माइकसमोर आली की 'भ' आणि 'फ' ला स्पीकर फाटतात, तो गडी त्यांना माइकपासून किती लांब आणि किती तिरकं उभं राहायचं ते दाखवेल, बास, तेवढ्यात तास निघतो. कोणीतरी सीन अस्सल कोल्हापुरीत करणारच, करू दे, हॉल डोक्यावर घेतील.

आणि एक. तुझ्या ग्रुपमधला तो एआयवाला म्हणतोय ना की पाहुण्याच्या आवाजात प्रोमो बनवतो, लै व्हायरल जाईल? त्याला आजच थांबव. २०२४ च्या जुलैपासून पुढच्या जूनपर्यंत अमेरिकेतले गेम कलाकार याच कारणावरून संपावर होते, की आमचा आवाज आम्हाला न विचारता मशीनला शिकवू नका. आपल्या मुंबई हायकोर्टानं पण २०२४ मध्येच अरिजित सिंगच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध आदेश दिलाय. कोर्टाचं सोड, ज्याचं पोट आवाजावर चालतं त्याला तू त्याच्याच आवाजाची नक्कल करून बोलावणार, हे बरं दिसतं का. त्याच्याकडून वीस सेकंदांचा खरा व्हिडिओ मागून घे, बहुतेक जण आनंदानं देतात.

स्पॉन्सरचं थोडक्यात. पैशावर खेळायच्या अ‍ॅपचा कोणी आला तर हात जोडून परत पाठव, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं त्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवर पण बंदी आहे. त्यापेक्षा कॉम्प्युटरची दुकानं, कोचिंग क्लास, आणि तालमी. हो, तालमी, हसू नकोस, आपल्या तालमींच्या फुटबॉल टीमा असतातच की. फुटबॉलच्या गेमची एक टूर्नामेंट ठेव, पेठेपेठेतनं दोन-दोन पोरं खेळायला बोलव आणि बघ गर्दी कशी होतीय ते, त्या गर्दीतले निम्मे तरी वर हॉलमध्ये येऊन बसतील.

तारीख जुलै-ऑगस्टमध्ये नको. २०१९ ला आणि २०२१ ला कोल्हापूरच्या तोंडाशी शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला होता, पुण्याहून निघालेला पाहुणा वाटेत बसवून ठेवायचाय का? नवरात्रात पण नको, अंबाबाईच्या गर्दीत हॉटेल मिळत नाही. जानेवारी बघ, पण आधी युनिव्हर्सिटीच्या परीक्षा बघून घे.

मेल नीट लिही आणि पाठवायच्या आधी मला टाक. बोलवायचे पहिले तीन पाहुणे कोण ठरवलेस तेही सांग, आणि त्या तिघांचे गेम तू स्वतः शेवटपर्यंत खेळलेले असले पाहिजेत, मी विचारणार आहे.

तुझा,
दादा

ता.क. मानधन रोख पाकिटात घालून देऊ नकोस, बँकेतनं दे, टीडीएस कापायचा का आणि किती ते माझ्या सीएला विचारून घेऊ. आणि आवाजवाल्या पाहुण्याला सकाळी कौतुकानं मिसळ खायला नेशील तर याद राख, आधी सेशन होऊ दे, मग मिसळ काय, तांबडा-पांढरा काय, पाहिजे ते चार.