भातलावणीला जातोयस तर

पहिल्यांदाच शेतावर राहून काम करायला जातोयस, तेही जुलैत कोकणात, म्हणून आधी पायांचं सांगतो. लावणी अनवाणीच करतात. पायाला चीर किंवा खरचटलेलं असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नकोस, घरमालकाला स्पष्ट सांग. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार अशाच जखमेतून शिरतो. ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नकोस. आरोग्य केंद्र गाठ आणि चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांग.

निघण्याआधी फोनवर ठरवून घे: रोज किती तास, सुट्टी कधी, राहण्यासोबत जेवणही आहे का. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘वूफ’ (WWOOF) चळवळीत, म्हणजे राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतावर काम करण्याच्या पद्धतीत, साधारण चार ते सहा तासांचा रिवाज आहे, तो मला रास्त वाटतो. मी पहिल्या वेळी काहीच न विचारता गेलो, दहा-दहा तास राबलो आणि चौथ्या दिवशी वाद झाला.

लावताना घाई नको. तरव्याची, म्हणजे वाफ्यात वाढवलेल्या भाताच्या रोपांची, जुडी डाव्या हातात धर, दोन-तीन रोपं अंगठ्याने आणि बोटांनी अलगद रोव, मग एक पाऊल मागे. खोल दाबलंस तर फुटवे, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या नव्या काड्या, कमी येतात. कंबर दोन दिवस खूप दुखेल. शेजारी लावणाऱ्या बायकांचे हात बघत राहा, त्यांच्याइतकं नीट कुणी शिकवणार नाही.

आणि जेवल्यावर त्या घरच्या काकी नको म्हणाल्या तरी ताट आपलं आपण धू.