करवंटीचा कोळसा करायला निघालास तं आधी हे ऐक

भाऊ, पाणी गाळायले कोळसा करतोस तं पऱ्हाटीनं (कपाशीच्या वाळल्या काड्यांनं) सुरुवात करू नको. पऱ्हाट्या फुकट भेटतात खऱ्या, पण तो कोळसा ठिसूळ, धुता धुताच भुगा होते. देवळातल्या नारळाच्या करवंट्या गोळा कर, त्या टणक असतात. झाकणाच्या टिनाच्या डब्यात ठासून भर, झाकणाले खिळ्यानं बारीक भोक पाड अन् डबा चुलीत ठेव, पण अंगणातच बरं का, बंद घरात त्यातून निघणारा गॅस जीव घेते. धूर यायचा थांबला की भोक बुजव अन् रातभर हात लावू नको. म्या घाईनं गरम डबा उघडला तं हवा लागून सगळ्या कोळशानं पेट घेतला, राखच उरली.

आता हा नुसता कोळसा झाला, अ‍ॅक्टिव्हेटेड, म्हंजे बारीक छिद्रांनी वास-रंग शोषून घेणारा, नाही. कारखान्यात 800-900 अंशाले वाफ सोडतात तवा त्यात बारीक छिद्रं पडतात, एका ग्रॅमात 500 चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग! घरी लोक कॅल्शियम क्लोराईडच्या 25 टक्के द्रावणात कुटलेल्या कोळशाची भुकटी दिवसभर भिजवतात, वाळवून परत बंद डब्यात तापवतात अन् मग चांगली धुतात, तरी कारखान्याची सर येत नाही. टेस्ट सोपी हाय, पाण्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाक, कोळसा घालून हलव, गाळ, रंग उडाला तं जमलं.

अन् यानं वास, रंग, क्लोरीन जाते. यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराईड नाही जात, अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातला खारटपणा तं बिलकुल नाही. जंतूही मरत नाहीत, गाळलेलं पाणी उकळूनच पी.