वाचकांचे प्रश्न : नेपल्सजवळचा वर-खाली होणारा किनारा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी येत्या सप्टेंबरमध्ये इटलीला जात आहोत. व्हेसुव्हियस आणि पाँपेई सहलीच्या कार्यक्रमात आहेतच. नेपल्सच्या पश्चिमेस काम्पी फ्लेग्रेई नावाचा ज्वालामुखींचा आणि समुद्रकिनाऱ्यांचा लहानसा प्रदेश आहे, असे कळले. हाताशी असलेला एक मोकळा दिवस तिथे घालवावा का? भूकंपांच्या बातम्या वाचून मन कचरते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : दिवस जरूर घालवावा, मात्र व्हेसुव्हियससारखा डौलदार डोंगर दिसेल, ही अपेक्षा ठेवू नये. काम्पी फ्लेग्रेई हा सुमारे १२ ते १५ किलोमीटर रुंदीचा, आत खचलेला ज्वालामुखी असून त्याचा काही भाग समुद्राखाली आहे आणि उरलेल्या भागावर पोत्सुओली, बाकोली अशी गजबजलेली गावे वसली आहेत. त्यामुळे येथे आपण ज्वालामुखीवर चढत नाही, त्याच्या आतच हिंडत असतो. येथील शेवटचा उद्रेक १५३८ मध्ये झाला आणि त्यातून अवघ्या काही दिवसांत १३३ मीटर उंचीचा मोन्ते नुओव्हो हा डोंगर उभा राहिला.

एकाच ठिकाणी जाण्याइतका वेळ असेल, तर पोत्सुओलीच्या बंदराजवळचे ‘सेरापिसचे मंदिर’ पाहावे. वास्तविक ही रोमन काळातील बाजाराची इमारत. अठराव्या शतकातील उत्खननात सेरापिस देवाची मूर्ती सापडल्याने तिला मंदिराचे नाव चिकटले. तिथे अजून उभ्या असलेल्या तीन उंच संगमरवरी खांबांवर, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, समुद्रातील शिंपल्यांनी पोखरलेल्या भोकांचा पट्टा आहे. कोरड्या जमिनीवर बांधलेली इमारत जमिनीबरोबर खचत समुद्रात गेली आणि पुढे जमीन उचलली गेल्यावर पुन्हा बाहेर आली, याचा तो पुरावा होय. चार्ल्स लायेल यांनी भूशास्त्रावरील आपल्या १८३० च्या ग्रंथाचे मुखचित्र म्हणून हेच खांब निवडले. हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही : १९८२ ते १९८४ या काळात पोत्सुओलीची जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, बंदर उथळ झाले आणि हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. २००५ पासून जमीन पुन्हा वर सरकत आहे.

भूकंप होतात ते याच उचलीमुळे. १३ मार्च २०२५ रोजी ४.६ तीव्रतेचा धक्का बसला होता. चार पायऱ्यांच्या इशारा-व्यवस्थेत हा प्रदेश २०१२ पासून दुसऱ्या, म्हणजे पिवळ्या पायरीवर आहे. धोका शून्य आहे असे म्हणता येणार नाही; पण लाखो लोक जिथे रोजचा संसार करतात, तिथे एक दिवस जाणे आम्हाला अविचाराचे वाटत नाही. निघण्यापूर्वी व्हेसुव्हियस वेधशाळेचे ताजे पत्रक पाहावे, कारण मोठ्या धक्क्यानंतर तपासणीसाठी रेल्वे आणि स्मारके बंद ठेवली जातात. जुन्या प्रवासवर्णनांत हमखास भेटणारे सोल्फातारा हे वाफाळते विवर २०१७ मधील जीवघेण्या अपघातानंतर पर्यटकांसाठी बंद करण्यात आले, म्हणून बेत त्याच्या भरवशावर आखू नये.

प्रश्न : बाया येथे समुद्राखाली रोमन अवशेष आहेत, असे ऐकले. पोहता न येणाऱ्यास ते पाहता येतील का? जवळपास चांगला किनारा कोणता?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येतील. काम्पी फ्लेग्रेईतीलच बाया हे रोमन धनिकांचे विलासस्थान होते. जमीन खचल्याने त्यांचे वाडे, फरसबंद्या आणि तलाव पाण्याखाली गेले, तेही बहुतेक ठिकाणी अवघ्या काही मीटर खोलीवर. पोहणारे डुबकी मारून पाहतात. इतरांसाठी काचेच्या तळाच्या होड्या सुटतात. पाणी गढूळ असेल त्या दिवशी मात्र पदरी निराशा येते. तळाशी दिसणारे काही पुतळे प्रतिकृती असून मूळ पुतळे बायाच्या किल्ल्यातील संग्रहालयात आहेत, तेव्हा तेही पाहावे.

पोहण्यासाठी, किंवा नुसते पाण्यात पाय सोडण्यासाठी, मिझेनो आणि मिलिस्कोला हे वाळूचे किनारे सोयीचे आहेत. उन्हाळ्यात किनाऱ्याचा बराच भाग पैसे भरून छत्र्या-खुर्च्या घेणाऱ्यांकडे जातो. आपल्याकडे किनारा सर्वांना मोकळा असण्याची सवय असल्याने हे जरा खटकते. मिझेनोला रोमन आरमाराचा तळ होता. व्हेसुव्हियसचा इ.स. ७९ चा उद्रेक झाला, तेव्हा रोमन लेखक थोरला प्लिनी तिथे आरमारप्रमुख होता. भारतातून येणाऱ्या मालापायी रोमचा पैसा दरवर्षी वाहून जातो, अशी तक्रार नोंदवणारा तो हाच. त्या व्यापाराची एक खूण नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे : पाँपेईत सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत.

पोत्सुओलीला जाण्यासाठी नेपल्सच्या मोन्तेसान्तो स्थानकावरून कुमाना रेल्वे मिळते. ती वेळेवर सुटेलच असे धरू नये आणि परतीच्या विमानाच्या दिवशी हा बेत ठेवू नये.