‘मिक्स’ला मराठीत नेमका शब्द कोणता?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या ‘मिक्स’ला मराठीत एकच नेमका शब्द आहे का, ‘मिसळणे’ सगळीकडे का बसत नाही, आणि ‘मर्ज’, ‘ब्लेंड’ म्हणजेही तेच का. सोबत केकच्या पाककृतीतलं एक वाक्य दिलंय: ‘कोरडं साहित्य मिक्स करा, मग त्यात ओलं साहित्य मिक्स करा.’ त्या वाक्याकडे शेवटी येते.

मी गोव्यात, फोंड्याजवळ राहते. माहितीपत्रकं, वेष्टनांवरच्या सूचना अशी भाषांतरं करते, मराठीत आणि कोकणीत. या एका शब्दापाशी मी इतक्यांदा थांबले आहे की तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवलं नाही.

एकच शब्द नाही. इंग्रजी ‘मिक्स’ एवढंच सांगतो की दोन गोष्टी एकत्र आल्या. त्या कशा आणल्या, हातानं की पळीनं, आणि एकत्र आल्यावर त्यांचं काय झालं, याबद्दल तो गप्प असतो. मराठी क्रियापदं नेमकं तेच सांगतात. भात कालवतात, कणीक मळतात, ताक घुसळतात, कढी ढवळतात, अंडं फेटतात, डाळ घोटतात, पत्ते पिसतात. इंग्रजीतही यांतल्या काहींना वेगळे शब्द आहेत, पण बोलताना ‘मिक्स’वर भागतं. मराठीत भागत नाही. ‘कणीक मिसळ’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कशात?

आमच्याकडे दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी, पोह्यांचे चार-पाच प्रकार होतात. कोकणीत फोव म्हणतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे बटाटे घातलेले आणि कालयिल्ले फोव. या शेवटच्या प्रकाराच्या नावातच क्रियापद आहे. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीनं ते पहिल्यांदाच एकटीनं करायला घेतले. मोबाइलवर कृती लावली होती, त्यात बाई म्हणत होत्या, ‘सगळं छान मिक्स करून घ्या.’ मुलीनं पोहे, खोबरं, चिरलेला गूळ, वेलची एका परातीत ओतली आणि चमच्यानं वरखाली केली. गूळ खड्यांसारखा वेगळा राहिला आणि पोहे कोरडे. माझी आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘गोड आनी सोय पयलीं बरी कालय, मागीर फोव घाल.’ गूळ आणि खोवलेलं खोबरं आधी नीट कालव, पोहे नंतर. मग तिनं स्वतःच पाचही बोटं खोबऱ्यात घातली. चुरत गेली, चुरत गेली, आणि दोन मिनिटांत खोबऱ्याच्या ओलाव्यानं गूळ सुटला, सगळं ओलसर, तांबूस झालं. त्यावर पोहे टाकून तिनं अलगद वरखाली केले तेव्हा एकेक पोहा गोड झाला होता.

‘कालवणे’ या शब्दात हे सगळं आहे: बोटं, ओलावा, एकाचा रस दुसऱ्यात उतरणं. ‘मिक्स करा’मध्ये यातलं काहीच नाही. मुलीची चूक नव्हती. तिला मिळालेल्या शब्दात कृतीच नव्हती.

याच्या उलट आमचं खतखतं. त्यात इतक्या भाज्या एकत्र पडतात, पण ते कुणी कालवत नाही की घोटत नाही. भाज्या मोडता कामा नयेत, सुरण सुरणासारखं आणि शेंग शेंगेसारखी दिसली पाहिजे. इंग्रजीत दोन्हीकडे मिक्सच.

स्वयंपाकघरात फार तर एक पदार्थ बिघडतो. औषधाच्या बाबतीत गोष्ट गंभीर होते, आणि तिथे चूक माझीच झाली होती. लहान मुलांसाठी भुकटीच्या रूपात मिळणारं अँटिबायोटिक असतं, ड्राय सिरप म्हणतात. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घालायचं. इंग्रजी सूचनेत ‘मिक्स’ होतं आणि मी मराठीत लिहिलं, ‘भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत’. छापायला जाण्याआधी एका औषधविक्रेत्यानं मजकूर वाचला आणि मला फोन केला. ‘ही भुकटी विरघळतच नाही हो. पाण्यात तरंगत राहते आणि ठेवली की तळाशी बसते. म्हणून तर दर वेळी देण्याआधी बाटली हलवायची. तुमचं वाचून एखादी आई विरघळेना म्हणून आणखी पाणी घालेल, औषध पातळ होईल.’ माझ्या पोटात गोळा आला. मी ते बदलून ‘बाटली जोरात हलवून औषध पाण्यात एकसारखं मिसळा, दर वेळी देण्यापूर्वी पुन्हा हलवा’ असं केलं.

याउलट जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते: २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि सोबत आणखी दोन क्षार. ती मात्र खरोखर विरघळते आणि विरघळलीच पाहिजे. इंग्रजी सूचनेत दोन्ही ठिकाणी तोच शब्द येऊ शकतो. मराठीत एका ठिकाणी ‘मिसळा’, दुसऱ्या ठिकाणी ‘विरघळवा’, आणि अदलाबदल करून चालत नाही. तेव्हापासून मी ‘मिक्स’ दिसला की आधी विचारते: यानंतर वस्तू वेगळी उरते का? हाच प्रश्न तुम्हीही विचारा, निम्मं काम तिथेच होतं.

बांधकामावर तर ‘मिक्स’ नाम होऊन बसलाय. ‘एम २०’ काँक्रीट म्हणतात त्यातला ‘एम’ म्हणजे मिक्सच. वीस हा आकडा २८ दिवसांनी काँक्रीटच्या घनाकृती ठोकळ्याची दाब सोसण्याची ताकद सांगतो, दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. ठोकळ प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी. आमच्या शेजारी घर चाललं होतं तेव्हा मी पाहिलं, मेस्त, म्हणजे मिस्त्री, कामगारांना ‘मिक्स करा’ असं म्हणत नव्हता. तो म्हणे, ‘माल कालव’. आधी कोरडाच फावड्यानं दोन-तीनदा उलटापालटा करायचा, रंग सगळीकडे सारखा दिसला की मधे आळं करून पाणी. सिमेंटच्या ढिगाला आणि दिवाळीच्या पोह्यांना एकच क्रियापद, आणि दोन्हीकडे अगदी चपखल.

घरातला ‘मिक्सर’ मात्र मिक्स करतच नाही, तो वाटतो. मूळ नाव मिक्सर-ग्राइंडर, त्यातला जो अर्धा भाग आपल्या खरा कामाचा होता तोच बोलण्यात गळला. ‘मिक्सरला लाव’ म्हणजे वाट. इंग्रज माणसाला ‘मिक्सर’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे केकचं पीठ फेटणारं यंत्र येईल, किंवा दारूत घालायचा सोडा. आमच्याकडे उर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत बारमध्ये ‘मिक्सर काय देऊ’ विचारतात तो हा दुसरा अर्थ. नारळ-मिरचीचं वाटण कुणा इंग्रजाच्या मनातही येणार नाही.

परके शब्द सरसकट हाकलावेत असं मला मुळीच वाटत नाही. गोव्यात कुठल्याही चहाच्या दुकानात ‘एक मिक्स नि दोन पाव’ म्हटलं की पातळ भाजी आणि सुकी भाजी एकाच बशीत येते. तिथे मिक्स हाच आपला शब्द, ‘मिश्र’ म्हणायची गरज नाही. ध्वनिमुद्रणातलं मिक्सिंगही तसंच. माझा जीव तुटतो तो फक्त ‘मिक्स कर’ हे ‘कालव’, ‘मळ’, ‘ढवळ’, ‘घोट’ या सगळ्यांच्या जागी येऊन बसतं तेव्हा. कारण एका शब्दाबरोबर एक हातखंडा जातो.

माणसांच्या बाबतीत मराठी पुष्कळदा सरळ वाट काढते. ‘तो कुणात मिक्स होत नाही’ म्हणजे मिसळत नाही. ‘मिक्स्ड अप’ म्हणजे गल्लत किंवा अदलाबदल, आणि कुठल्या वाईट प्रकरणात असेल तर ‘गुंतलेला’. ‘मिक्स्ड फीलिंग्ज’ला वर्तमानपत्रं ‘संमिश्र भावना’ म्हणतात, पण मुलगी सासरी निघताना आईचं काय होतं ते ‘एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात आसू’ यातच आहे. शाळेत ‘मिक्स्ड फ्रॅक्शन’ म्हणजे पूर्णांकयुक्त अपूर्णांक, बॅडमिंटनमध्ये मिश्र दुहेरी. ही घडवलेली नावं आहेत, ती तशीच वापरायची.

एक गोष्ट विसरू नका. इंग्रजी ‘मिक्स’ला बरंवाईट काही चिकटलेलं नाही, मराठीत ते चिकटतं. दुधात पाणी ‘मिसळलं’ आणि दुधात पाण्याची ‘भेसळ’ केली, यात क्रिया एकच, पण दुसऱ्यात गुन्हा आहे. १९५४ चा कायदासुद्धा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा म्हणूनच ओळखला जायचा. ‘सरमिसळ’ म्हटलं की थोडी अव्यवस्था आली. भाषांतरात चुकीचा शब्द पडला तर नकळत आरोप होतो.

शब्दाचं कूळ मला फार आवडतं. इंग्रजीत ‘मिक्स’ हे क्रियापद उलट्या वाटेनं आलं. आधी लॅटिनमधून फ्रेंचमार्गे ‘मिक्स्ट’ हे विशेषण आलं. त्याचा शेवट भूतकाळी रूपासारखा ऐकू आला म्हणून लोकांनी त्यातून ‘मिक्स’ काढला. लॅटिन मूळ ‘मिस्केरे’, आणि आपलं ‘मिश्र’ त्याच प्राचीन धातूचं. आमची मिसळ याच घरातली. पोर्तुगीज आणि स्थानिक अशा संमिश्र वंशाच्या लोकांना गोव्यात ‘मिस्तीस’ म्हणत, तो पोर्तुगीज शब्दही लॅटिनच्या याच मुळापासून निघालेला. म्हणजे ‘मिक्स’, ‘मिसळ’ आणि ‘मिस्तीस’ ही वेगवेगळ्या वाटांनी फिरून एका राज्यात भेटलेली भावंडं.

आता ‘मर्ज’. तो वेगळा. मिक्समध्ये घटक पुष्कळदा ओळखू येतात, मर्जमध्ये दोनाचं एक होतं आणि बहुधा एकाचं नाव जातं. बँका मर्ज होतात, मिक्स होत नाहीत. मराठीत त्याला ‘विलीन होणे’. हा शब्द गोव्यात नुसता शब्दकोशातला नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी इथे जनमत कौल झाला तो महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचं यावर. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. माझे आजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ वेगवेगळ्या बाजूंना होते. आमच्या घरात आजही कुणी ‘मर्जर’ म्हटलं की म्हातारी माणसं मान वर करून बघतात. अशा ठिकाणी ‘एकत्रीकरण’ लिहून चालायचं नाही.

‘ब्लेंड’ या दोघांच्या मधला. घटक अनेक, पण चव किंवा रंग एकच लागावा असा हेतू. चहाच्या बाबतीत ‘मिश्रण’ चालतं, चित्रातल्या रंगांसाठी ‘एकजीव करणे’ इतका सुंदर शब्द दुसरा नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून घ्या. अंडी आणि साखर फेटून केलेलं मिश्रण त्यात ओता. कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच हलक्या हातानं एकत्र करा, घोटू नका.’ ‘घोटू नका’ मूळ वाक्यात नाही, पण मी ते घालीनच. ओल्या मैद्याला फार वेळ ढवळलं की त्याला चिवटपणा येतो आणि केक फुलत नाही.